सहलीला नको म्हणणारा पोरगा

डिसेंबर लागला की माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो: "पोरगा शाळेच्या सहलीला नाही म्हणतो. बळंच पाठवू का?" मी उलट विचारते, रात्री झोपायची सोय काय आहे?

हे मी शिकले अमळनेरकडच्या एका दहावीतल्या मुलाकडून. (घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.) चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत 'अ' श्रेणी मिळवलेला पोरगा. शाळेचं चार दिवसांचं कलाशिबिर मुंबईला निघालं होतं. जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, जहांगीर आर्ट गॅलरी, काळा घोड्याला फुटपाथवर बसून स्केचिंग. आणि हा नको म्हणत होता.

"ताई, काय व्हयनं काय माहीत, पोऱ्या काहीच बोलस नही," आई म्हणाली. वडील खिडकीबाहेर बघत बसलेले.

माझ्यापुढे मात्र पोऱ्या बोलला, अन् बेरकी बोलला. "चाळीसगावचे केकी मूस वर्षानुवर्षं घराबाहेर पडले नाहीत, तरी कलाकार झालेच ना?" मी म्हटलं, अरे, ते आधी विलायतेला जाऊन शिकून आले, मग घरात बसले. तो हसला, विषय संपला. कापसाला भाव नव्हता, म्हणून वर्गणीचं ओझं वाटत असेल असा माझा समज झाला. पहिली भेट त्यातच वाया गेली. चूक माझीच.

दुसऱ्यांदा त्याला एकट्याला बोलावलं. स्केचबुक चाळता चाळता मुक्कामाचं विचारलं. "एका हॉलमध्ये. सगळ्यांच्या सतरंज्या शेजारी शेजारी." मग बराच वेळ काही नाही. शेवटी खाली बघत, "मॅडम, माझं अजून रात्री होतं."

पंधराव्या वर्षीही शंभरात एखाद-दोन मुलांचं अंथरूण ओलं होतं. ही मुलं आळशी नसतात, मुद्दाम तर मुळीच करत नाहीत. झोप गाढ असते, मूत्राशय भरल्याचा इशारा मेंदूला जागं करत नाही. काहींच्या शरीरात रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक कमी पडतं. बद्धकोष्ठतेनंही त्रास वाढतो. पण मधे सहा महिने कोरडे गेले आणि पुन्हा सुरू झालं, तर साखर आणि लघवी तपासायलाच हवी. मारून, टोमणे मारून, भल्या पहाटे गार पाण्यानं अंघोळ घालून हे थांबत नाही. या घरात तिन्ही झालं होतं.

त्याच्या संमतीनं आईवडिलांना आत घेतलं. हे बहुधा घराण्यात असतं, एवढंच मी म्हणाले. खिडकीकडे बघत वडील म्हणाले, "मलेबी व्हतं. आठवीपावत." लग्नाला अठरा वर्षं झालेली, आईला हे आजच कळत होतं. पोऱ्या बापाकडे बघतच राहिला. त्या दिवशी मी आणखी काही बोलले नाही.

पुढचं काम साधं होतं. डॉक्टरांनी तपासून रात्रीची लघवी कमी करणारी गोळी दिली. ती तीन आठवडे आधी घरीच घेऊन पाहिली; पहिला प्रयोग प्रवासात करायचा नसतो. पाणी दिवसा भरपूर, रात्री गोळीच्या तासभर आधीपासून सकाळपर्यंत मात्र नाही, कारण या गोळीवर जास्त पाणी पिणं धोक्याचं असतं. शाळेत फक्त चित्रकलेच्या सरांना सांगायचं, तेही त्यानंच. सरांनी त्याची सतरंजी दाराजवळ, स्वतःशेजारी टाकायची, फोन उशाखाली थरथराटावर ठेवून रात्री दोनला उठवायचं. बॅगेत जास्तीची चादर आणि एक काळी पिशवी.

तो गेला. तिसऱ्या रात्री चादर ओली झालीच; सरांनी उजाडायच्या आत ती पिशवीत घातली.

परत आल्यावर स्केचबुक दाखवायला आला. गेटवे होतं, टर्मिनसचे घुमट होते. मधली चार-पाच पानं मात्र झोपलेल्या पोरांची. कुणाचं तोंड उघडं, कुणाचा पाय दुसऱ्याच्या पोटावर. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात वेळ: रात्री २.१०.

"सर उठवायचे ना," तो म्हणाला. "मग लगेच झोप येत नव्हती."