पोरगं बोलत नाही? भरिताची वांगी सोलायला बसवा

ताई, पोरगं बोलतं व्हावं म्हणून पहिल्याच आठवड्यात तक्ते, स्टार, बक्षिसं सुरू करू नका. रोजचं एखादं काम निवडा आणि ते पोराबरोबर करा, बस. आमच्याकडे ते भरिताचं होतं. तुरकाठ्यांवर भाजलेली वांगी सोलताना हात काळे, नजर वांग्यावर. समोरासमोर बसून विचारलं की पोरं गप्प होतात, शेजारी बसलं की बोलतात. "मला कोणी खेळायला घेत नाही" हे मला तिथंच कळलं.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- लगेच उपाय सांगणं. मीही सांगितला, पोरगा दोन दिवस बोलेना. आता नुसतं "मग?" म्हणते.
- "पोरींसारखा काय रडतोस!" घरातल्या आजोबांनाही हे बंद करायला सांगा. (अवघड आहे, माहितीये.)
- झोपेकडे दुर्लक्ष. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास हवेत.

बाकीचं पुढं बघू.

मात्र दोन आठवडे जेवण-झोप बिघडलेली असेल, शाळा टाळत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. "जगायचंच नाही" असं काही बोलला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.