"त्या कोरियन पोरांच्या नादी लागलीय हो, मॅडम"

हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी समुपदेशनासाठी आलेल्या इतक्या आयांकडून ऐकलंय की आता गटाचं नावही विचारत नाही. बहुतेक वेळा बीटीएसच असतं, सात कोरियन मुलांचा गाण्याचा बँड.

सई (नाव बदललंय) अकरावीत. आई हिशेब घेऊनच आलेली: रोज 4 तास मोबाइल, दहावीला 92 टक्के, आता चाचणीत काठावर पास. पहिल्या दोन भेटी मीही तासांवरच घालवल्या. सई फरशीकडे बघत 'हो', 'नाही' करत राहिली. चूक माझीच होती.

तिसऱ्या भेटीत म्हटलं, "तू केलेला एखादा एडिट दाखवतेस?" एडिट म्हणजे आवडत्या कलाकारांच्या क्लिप कापून, गाण्यावर जोडून केलेला छोटा व्हिडिओ.

तिने आधी मला नीट निरखलं, मग मोबाइल पुढे केला. 22 सेकंदांत 41 कट, प्रत्येक बरोबर ठेक्यावर. खाली ज्यांच्या क्लिप घेतल्या त्यांची नावं. "न सांगता उचललेलं आमच्यात चालत नाही." मग मनिलातल्या एका मुलीची कमेंट दाखवली: सातव्या सेकंदाला तो मान वळवतो तिथेच कट घेतलास, भारी!

"कॉलेजात माझं काही इतकं नीट कोण बघतं, मॅडम?"

तिथे गाठ सुटली. आईला वाटत होतं, पोरगी त्या सात जणांत अडकलीय. ती अडकली होती तिचं काम बघणाऱ्या चाळीसेक जणांत. 'मी कोण?' हा या वयाचा मुख्य प्रश्न, असं मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन सांगून गेला. मी अजून त्यालाच धरून आहे. ढोलपथकात पोरगं रात्री दहापर्यंत सरावाला थांबलं तर आपण कौतुक करतो. हेही पथकच, फक्त आपल्याला ऐकू येत नाही. 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा पालक म्हणाले, सुटलो! मुलं बघता बघता रील्सवर गेली.

तेव्हा फोन हिसकावण्याआधी एडिट बघा, कसा केला ते विचारा. मर्यादा घालाच, पण झोपेसाठी: अकरानंतर फोन हॉलमध्ये. कॉलेजचं नाव, नंबर, स्वतःचे फोटो अनोळखी माणसाला द्यायचे नाहीत. कोणी 'घरी सांगू नकोस' म्हणालं तर आधी घरीच सांगायचं, आणि सांगितल्यावर आपण ओरडायचं नाही. जेवण तुटलं, बाहेर पडणं थांबलं, लाइक कमी झाले म्हणून रडू येऊ लागलं, तर मात्र थांबू नका, भेटा.

सईच्या आईने तो व्हिडिओ माझ्यासमोर तीनदा पाहिला.

"हे शिकवलं कुणी तुला?"

"कुणी नाही. बघून बघून."

गुण अजून फारसे वाढलेले नाहीत. बीटीएसची सुरुवात 13 जून 2013 ची. यंदाच्या 13 जूनला आईचा मेसेज आला: "मॅडम, आज बारापर्यंत सूट दिलीय."