पहिल्यांदाच व्हाइट वाइन नीट चाखताय? मग एवढंच करा

सगळ्या व्हाइट वाइन तुम्हाला 'थंड आणि आंबट' लागतात, यात दोष बहुधा फ्रीजचा आहे. ४ अंशांवर वास दबून जातो, उरतो तो आंबटपणा. चांगली शार्डोने (याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन) १० ते १२ अंशांना खुलते, तेव्हा बाटली वीसेक मिनिटं आधी बाहेर काढा. ग्लास तिसरा हिस्साच भरा. वरची जागा वासासाठी.

सुरुवातीला दोनच वाइन शेजारी ठेवा: लाकूड न लागलेली शाब्ली (फ्रान्समधल्या शाब्ली भागातली शार्डोने) आणि ओकच्या पिंपात मुरलेली एखादी शार्डोने. द्राक्ष एकच! पण पहिलीत हिरवं सफरचंद, लिंबाची साल, ओल्या दगडासारखं काहीतरी. दुसरीत व्हॅनिला, भाजलेला पाव, लोणी. व्हॅनिला येतो लाकडातून. लोणी मात्र जिवाणूंची करामत: ते कडक मॅलिक आम्लाचं मवाळ लॅक्टिक आम्ल करतात, तेव्हाच हा वास तयार होतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- फळांचा वास आला की वाइन गोड समजणं. नाक चिमटीत धरून घोट घ्या, खरी गोडी जिभेलाच कळेल.
- पटकन गिळून मोकळं होणं. घोटानंतर जिभेच्या कडांना किती वेळ पाणी सुटतं आणि चव किती रेंगाळते, ते बघा.
- अनोळखी वासाला घाबरणं. रीस्लिंग द्राक्षाच्या मुरलेल्या वाइनला पेट्रोलसारखा वास येतो. मी माझी पहिली बाटली खराब समजून मोरीत ओतली होती, अजून हळहळतो.

द्राक्षं कोणत्या वर्षीची, कुठल्या मातीतली, कुठल्या उतारावरची वगैरे नंतर बघू.