इंग्रजीतले जर्मॅनिक (जर्मन, डच यांच्या भाषाकुळातले, मूळचे) शब्द काढून त्या जागी लॅटिनवरून नवे शब्द घडवता येतील का?
नामं-क्रियापदं बदलता येतील, पण ‘द’, ‘ऑफ’, ‘अँड’, ‘इज’ हा सांगाडा जर्मॅनिकच राहील. विशेषणांत तर बरंच काम आधीच झालंय: दात ‘टूथ’, पण दातांचं ते ‘डेंटल’, चंद्र ‘मून’, पण चांद्र ते ‘लूनर’. सोळाव्या शतकात विद्वानांनी असे शब्द ढिगाने पाडले. त्यांची टर उडवायला थॉमस विल्सन या इंग्रज लेखकाने १५५३ मध्ये लॅटिनने ठासून भरलेलं एक पत्रच छापलं. त्यातला विनवणीचा ‘ऑब्टेस्टेट’ मेला. ‘सेलिब्रेट’ मात्र इतका रुळला की वाढदिवस आता मराठीतही सेलिब्रेट होतात! फक्त ‘वॉल’, ‘स्ट्रीट’, ‘वाइन’ यांना हात लावू नका. दिसायला अस्सल जर्मॅनिक, पण फार पूर्वी लॅटिनमधूनच आलेत.