आधी मेळ बसव, ग्रेडचं नंतर बघू

महापालिका पैसा कसा सांभाळते याच्या तुझ्या तपासणीत सी ग्रेड द्यायचा की डी, हा तुझा प्रश्नच नाहीये गं. मेसेजमध्ये तू तसं लिहिलंयस खरं, की टीम लीडर म्हणतोय जरा सांभाळून घे, महापालिकेवाले नाराज होतील, पुढचं काम जाईल, आणि मग तुला वाटतंय की हे सगळं सोडावं आणि यूपीएससीला बसावं नाहीतर बाहेर जाऊन पीएचडी करावी. सोडायचं तर सोड, तुझ्या आईला मी समजावतो. पण माझा एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये कुठेच नाही. त्यांचं कॅशबुक आणि बँक, मेळ बसतो का? म्हणजे वहीतली नोंद बँकेच्या स्टेटमेंटशी जुळते का?

हसशील. हसायचे सगळेच. इथे ग्वाल्हेरला एजी ऑफिसात, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखाकारांकडे, सेक्शनमधली पोरं मला 'मिलान साब' म्हणायची, मिलान म्हणजे हिंदीत मेळ, तोंडावर नाही, पाठीमागे, आणि मला ते माहीत होतं आणि मला ते आवडायचं पण. कुठल्याही खात्याच्या ऑडिटला गेलो की पहिला हाफ मार्जिन, म्हणजे ऑडिटरचा लेखी प्रश्न, निघायचा तो हाच, बँक रिकन्सिलिएशन दाखवा, म्हणजे हाच मेळ. बाकी टेंडर, खरेदी, लॉगबुक नंतर. टीममधले म्हणायचे साहेब आधी काहीतरी मोठं बघू ना, घोटाळा-बिटाळा. अरे पण मेळच बसत नसेल तर मोठं काय आणि छोटं काय, तुमच्या हातातला आकडाच खरा की खोटा ते माहीत नाही आणि तुम्ही त्याची टक्केवारी काढताय!

आता तुझं पेफा, ज्याने तू महापालिका तपासतेयस. तुला शिकवायला नको, पण हे तू आईला वाचून दाखवशील म्हणून सांगतो. सरकार पैसा कसा सांभाळतं हे तपासायची ही पद्धत 2001 साली वर्ल्ड बँक, आयएमएफ, युरोपियन कमिशन आणि ब्रिटन, फ्रान्स, नॉर्वे, स्वित्झर्लंड या सरकारांनी मिळून सुरू केली, आणि 2016 च्या आवृत्तीत 7 खांब, 31 निर्देशांक, 94 डायमेन्शन म्हणजे उपमुद्दे आहेत, प्रत्येकाला ए ते डी. चांगली पद्धत आहे, मी तिची टिंगल करत नाहीये. निदान सगळ्यांना एकाच फुटपट्टीने मोजतात. पण त्यात माझी आवडती गोष्ट कुठे आहे बघ, सत्ताविसाव्या निर्देशांकात, चारातलं एक डायमेन्शन. बँक रिकन्सिलिएशन. सगळ्या चालू खात्यांचं दर आठवड्याला होत असेल तर ए. आणि त्या निर्देशांकाला ग्रेड देताना चारही डायमेन्शनची सरासरी घेतात, म्हणजे मेळाला डी मिळाला आणि बाकीची तीन बरी असली की तो डी सरासरीत विरघळून जातो. आतल्या पानावर दिसतो म्हणा, पण आतलं पान कमिशनर वाचतो का? मला विचारलं असतं तर मी तो दरवाज्यावर ठेवला असता, की हे नसेल तर आत यायचंच नाही. मला कोणी विचारलं नाही ते सोड.

आणि उलटं बघ. पहिलाच निर्देशांक, एकूण खर्च मंजूर बजेटच्या 95 ते 105 टक्क्यांत बसला, तीनपैकी दोन वर्षं, की ए. किती सोपं वाटतं. आता मी काय बघितलंय ते सांगतो. एका खात्याचं जिल्हा ऑफिस, खात्याचं नाव नको. खर्च जवळपास शंभर टक्के, वरून शाबासकीचं पत्र आलेलं, ते काचेखाली लावलेलं. कॅशबुकात 31 मार्चला चेकची रांगच रांग, सगळं 'पेड'. बँक स्टेटमेंट मागवलं तर पैसा जागेवर. चेक कुठेत? अलमारीत. गठ्ठा करून, वर रबर बँड, बजेट लॅप्स होऊन पैसे परत जाऊ नयेत म्हणून आधीच लिहून ठेवलेले, कंत्राटदाराने काम अजून सुरूच केलं नव्हतं तर देणार कोणाला. मग मी मेळाची सर्टिफिकेटं काढायला सांगितली. बाबूने फाइल आणली, एप्रिल ते मार्च बारा पानं, बाराही एकाच जेल पेनने, एकाच तिरक्या हाताने, आणि सप्टेंबरच्या पानामागे ऑगस्टच्या सहीचा उलटा ठसा. शाई वाळायच्या आत पुढचं पान मिटलं ना. एका बैठकीत वर्षभराचा मेळ बसवला होता त्यांनी. मी बाबूकडे बघितलं, तो शांतपणे म्हणाला, साब, मिल जाएगा. 'मिला है' नाही म्हणाला, बरं का. प्रामाणिक माणूस.

तर अशा ऑफिसांची बेरीज होऊन जो ए येतो, तो तू रिपोर्टच्या पहिल्या पानावर छापणार, निळ्या चौकोनात. म्हणून म्हणतो मेळ.

तू म्हणशील काका तुमचा जमाना गेला, आता चेक कुठे, सगळं ऑनलाइन. मला माहितीये. पैसे पाठवायचं केंद्राचं पोर्टल पीएफएमएस आहे, राज्यात हिशोबाचं आयएफएमआयएस आहे, आणि 1 जुलै 2021 पासून प्रत्येक केंद्रपुरस्कृत योजनेला राज्यात एकच नोडल बँक खातं ठेवायचा नियमही आला, तो चांगलाच झाला, कारण त्याआधी एकेका योजनेची किती खाती कुठल्या बँकेत पडलीत हे खुद्द सरकारी खात्याला सांगता यायचं नाही. पण पोर्टल म्हणजे मेळ नव्हे. ट्रेझरीतून पैसा निघून एखाद्या सोसायटीच्या किंवा एजन्सीच्या खात्यात जाऊन बसला की हिशोबात तो खर्च दिसतो. गेला. झाला. आता अलमारीच्या जागी बँकेचं खातं आहे आणि रबर बँड दिसत नाही एवढाच फरक. पीडी अकाउंट, म्हणजे ट्रेझरीतच अधिकाऱ्याच्या नावाने असलेलं ठेव खातं, त्याचंही तेच. मार्चमध्ये तिकडे टाका आणि मोकळे व्हा. केंद्राच्या अर्थखात्याने आपल्या मंत्रालयांना सांगून ठेवलंय की शेवटच्या तिमाहीत 33 टक्के आणि एकट्या मार्चमध्ये 15 टक्क्यांच्या वर खर्च नको, का सांगावं लागलं असेल?

आणि मेळ फक्त कॅशबुक-बँकेचा नाही, हे मला उशिरा कळलं. युगांडाची गोष्ट तुझ्या कोर्समध्ये असेलच. नव्वदच्या दशकात तिथे तपासलं की केंद्राने शाळांना दर मुलामागे पाठवलेल्या ग्रँटपैकी शाळेत किती पोचते. 1991 ते 95 मध्ये सरासरी 13 टक्के. तेरा! वरच्या टोकाला पैसा 'रिलीज' झालेला, कागद स्वच्छ. खालच्या टोकाला हेडमास्तरला रक्कम काय होती तेच माहीत नाही. दोन्ही टोकं कोणी समोरासमोर ठेवलीच नव्हती. मग सरकारने ग्रँटचे आकडे वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली आणि काही वर्षांत प्रमाण 80 टक्क्यांच्या वर गेलं. छापल्यामुळेच गेलं की बाकीच्या सुधारणाही चालू होत्या म्हणून, यावर अभ्यासक भांडतात, भांडू देत. 13 हा आकडा कुठल्या ऑफिसात बसून सापडला नसता, शाळेच्या रजिस्टरशी ताडून बघितला तेव्हाच सापडला, मला एवढंच पुरेसं आहे.

मोझांबिकचंही तेच. 2013-14 मध्ये सरकारी कंपन्यांच्या नावाने सुमारे 2 अब्ज डॉलरची कर्जं, सरकारची हमी, संसदेची मंजुरी नाही, त्यातल्या बऱ्याचशा रकमेचा आयएमएफला पत्ता नाही, 2016 ला फुटलं आणि देणाऱ्या देशांनी हात आखडते घेतले. कर्जाची वही इकडे एक बोलत होती आणि देणाऱ्याची तिकडे एक.

आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते ना. एकजण लिहितो, दुसरा पाकिटं फोडून मोजतो, आणि त्याच रात्री मांडव उतरायच्या आत बेरीज जुळवतात, कारण दोन दिवसांनी कुठल्या मामांनी किती दिले ते कोणालाच आठवत नाही. इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या आपल्या आज्यांना हे कळत होतं. खात्यांना वर्षाच्या शेवटी का आठवतं?

आता कामाचं. तू विचारलंस की सुधारणा काय सुचवू, टीम लीडरला प्रोग्राम बजेट (कार्यक्रमवार बजेट), अक्रुअल अकाउंटिंग (पैसे हातात येण्या-जाण्याआधीच येणं-देणं नोंदवणं) आणि डॅशबोर्ड लिहायचंय. अगं, महापालिकांसाठी डबल एन्ट्रीची राष्ट्रीय नियमपुस्तिका 2004 ला आलीये. पंधराव्या वित्त आयोगाने अट घातली की हिशोब ऑनलाइन टाका नाहीतर ग्रँट नाही, तर बहुतेकांनी टाकले. उघड कुठलंही, ताळेबंद छान दिसतो, आणि मागे ऑडिटरच्या शेऱ्यात बघ, बँक रिकन्सिलिएशन मिळालं नाही असं लिहिलेले मी स्वतः वाचलेत. अशा ठिकाणी डॅशबोर्ड लावलास तर चुकीचा आकडा जास्त ठळक रंगात दिसेल, बाकी काही नाही.

त्यापेक्षा एवढंच लिही. आधी सगळ्या बँक खात्यांची यादी, महापालिकेने दिलेली नको, बँकांकडून मागव, पॅनवरून. दोन याद्यांत फरक येईलच, तो फरक हाच तुझा पहिला निष्कर्ष. मेलेली खाती बंद करायची. उरलेल्या प्रत्येक खात्याला एक माणूस, नावानिशी, पदानिशी नाही, पदाला कोणी विचारत नाही. न जुळलेल्या एन्ट्र्या किती जुन्या आहेत त्याची लिस्ट, सर्वात जुनी वर. आणि ती लिस्ट दर महिन्याला कमिशनरच्या टेबलावर. सहा महिने हे चाललं तर पुढचं बोलू. फार फिकं वाटतंय ना? तुझ्या टीम लीडरलाही वाटेल. यात फोटो काढण्यासारखं काही नाही आणि उद्घाटनही होत नाही.

इंदोरचं उदाहरण दे त्याला. 2023 ला त्यांनी जलूदच्या सोलर प्लांटसाठी 244 कोटींचे ग्रीन बॉन्ड काढले, सामान्य माणसालाही घेता येतील असे. ज्याने आपले पैसे घातलेत तो दर सहा महिन्यांनी व्याज मागणार, त्याला तुझ्या चौकोनातल्या ए-बीशी देणंघेणं नाही, खात्यात पैसा आहे की नाही एवढंच.

आणि डीचं भय काय घेऊन बसलीस? माहितीच दिली नाही तर नियमानेच डी द्यायचा आणि वर तारा लावायचा, तू कठोर होतेयस असं नाही. सी दिलास तर पुढच्या असेसमेंटला येणारी मुलगी तुझा सी धरून चालेल आणि सुधारणा झाली की नाही हेच कोणाला कळणार नाही. वर्षानुवर्षं पेंडिंग आयआरच्या, म्हणजे ऑडिटच्या तपासणी अहवालांच्या, गठ्ठ्यांत मी हेच बघितलं, आधीच्याने सांभाळून घेतलेलं पुढच्याच्या गळ्यात.

तू लिहिलंयस की यातून काही बदलतं का. हा प्रश्न मला नको विचारूस, मी फार पूर्वाग्रही माणूस आहे. 2014 ते 2020 आपले कॅग, देशाचे सर्वोच्च ऑडिटर, युनोच्या बोर्ड ऑफ ऑडिटर्सवर होते, आमच्यातले किती जण न्यूयॉर्कला जाऊन आले, फोटो पाठवायचे बर्फातले. मलाही साहेबांनी विचारलं होतं, नाव देऊ का. तेव्हा एका खात्याच्या सस्पेन्समधल्या, म्हणजे कुठे टाकायच्या ते न कळल्याने तात्पुरत्या बाजूला ठेवलेल्या, एन्ट्र्या सोडवत होतो, अर्धवट टाकून गेलो असतो तर पुढचा माणूस परत 'मिल जाएगा' ऐकून उठला असता, म्हणून नाही म्हणालो. तुझी काकू अजून बोलून दाखवते. पासपोर्ट काढला होता, कोरा आहे. पश्चात्ताप? होतो ना, थंडीत जास्त होतो. पण त्या एन्ट्र्या शेवटपर्यंत सोडवल्या आणि त्यातून जे निघालं त्याची वसुली झाली, हेही खरं, आणि ते कोणीतरी करायलाच हवं होतं. उगाच सबबी देतोय असं वाटतंय का तुला? वाटू दे.

यूपीएससी दे, पीएचडी कर, काही कर. पण हा रिपोर्ट अर्धवट सोडून नको. टीम लीडरला मेल लिही, लांब नको, की बँकांकडून खात्यांची यादी येईपर्यंत सत्ताविसाव्याला ग्रेड देता येणार नाही. सीसीमध्ये महापालिकेचा अकाउंट्स ऑफिसर ठेव, बहुधा तोच तुला मदत करेल, ही माणसं वाटतात तशी नसतात, त्यांना वर्षानुवर्षं कोणी नीट विचारलेलंच नसतं. यादी आली की मला पाठव, एक्सेल नको, स्टेटमेंटचे फोटो पाठव, मोबाइलवर मोठे करून बघतो. आणि मार्चचं पान आधी पाठव.

— काका