मुंबईतली कंपनी बांगलादेशाला थेट वीज विकू शकते का?

परस्पर नाही. आपल्या बिलाचे दर मुंबईतला राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, पण सीमेपलीकडच्या विजेला केंद्राचे नियम लागतात: ऊर्जा मंत्रालयाची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि केंद्रीय वीज नियामक आयोगाची २०१९ ची नियमावली. मंजुरी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडून घ्यायची.

झारखंडमधलं गोड्डाचं १६०० मेगावॅटचं वीजकेंद्र बघा. ते उभारलं फक्त बांगलादेशाला वीज देण्यासाठी, तारही थेट तिकडेच नेली. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता पालटली आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने नियम बदलला: खरेदीदाराने वीज उचलली नाही किंवा पैसे थकवले, तर अशा वीजकेंद्राला भारतीय ग्रीडला जोडून इथेच वीज विकता येईल. मला हे रास्त वाटतं. मे महिन्यात इथे पंख्याखालीही घाम निथळत असताना तयार संच बंद का ठेवायचा?