रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे औषध अंगात गेलंच नाही का?

प्रश्न : मी रोजाने फवारणीच्या कामाला जातो. फवारून आलो की डोकं दुखतं, मळमळतं, दुसऱ्या दिवशी पण अंगात त्राण नसतं. डॉक्टरांनी रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासायला सांगितलं, रिपोर्ट नॉर्मल आला. आता मालक म्हणतात तुला काही झालेलं नाही. मग हा त्रास कशाचा? लघवीची पण टेस्ट असते म्हणे, ती करू का?

उत्तर : भाऊ, एका रिपोर्टवरून तुम्हाला काही झालेलं नाही असं कुणीच म्हणू शकत नाही, मालकांनाही हे दाखवा. कोलिनेस्टरेज हे एन्झाइम, म्हणजे शरीरातलं काम चालवणारं एक प्रथिन, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतली कीटकनाशक औषधं नेमकं त्यालाच बंद पाडतात, म्हणून ते किती घटलं यावरून औषध अंगात गेलं का ते कळतं. पण घोळ असा की याची पातळी माणसागणिक खूप वेगळी असते, त्यामुळे लॅबची रेंज फार मोठी असते. समजा रेंज ५००० ते १२०००, तुमची मूळची ११००० होती आणि आता ६००० आली, तर रिपोर्टवर नॉर्मलच छापून येणार आणि इकडे ४५ टक्के घसरण झालेली!

म्हणून तुलना स्वतःच्याच आकड्याशी करायची. सीझनच्या आधी, निदान महिनाभर या औषधांशी संबंध आलेला नसताना रक्त तपासून घ्यायचं, आणि पुढच्या सगळ्या टेस्ट त्याच लॅबमध्ये, कारण पद्धत बदलली की आकडे जुळत नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियात असाच नियम आहे, तिथे २० टक्के घसरण दिसली की काम कसं चाललंय ते तपासतात, आणि रक्ताच्या लाल पेशींतलं कोलिनेस्टरेज मूळच्या ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातलं, म्हणजे रक्ताच्या पातळ भागातलं, ६० टक्क्यांवर आलं की माणसाला त्या कामावरून हलवतात, ८० टक्क्यांपर्यंत परत चढेस्तोवर. मला हा नियम फार पटतो, कारण यात कामगाराला आजारी पडून दाखवावं लागत नाही.

तुमच्याकडे आधीचा आकडा नाही, तरी मार्ग आहे. काही आठवडे या औषधांपासून लांब राहा आणि पुन्हा तपासा, आकडा बराच वर गेला तर समजायचं की तो नॉर्मल म्हणजे घसरलेला आकडा होता. प्लाझ्मातलं काही आठवड्यांत भरून येतं, लाल पेशींतलं मात्र हळूहळू, दिवसाला साधारण एक टक्का, कारण नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात. रिपोर्टवर यातलं कुठलं तपासलंय ते बघा, प्लाझ्मातलं लिव्हरच्या आजारानेही कमी होतं.

आणि तुम्ही फवारता काय हे डॉक्टरांना सांगितलंत का? पायरेथ्रॉइड, निओनिकोटिनॉइड (ही दुसऱ्या गटांतली कीटकनाशकं) किंवा पॅराक्वाट (हे तणनाशक) असेल तर ही टेस्ट कितीही वेळा केली तरी काही सापडायचं नाही. कार्बामेटचा परिणाम तर इतक्या लवकर उतरतो की रक्त उशिरा दिलं किंवा लॅबमध्ये तसंच पडून राहिलं तरी आकडा नॉर्मल येऊ शकतो.

लघवीच्या टेस्टमध्ये औषध शरीरात फुटून तयार झालेले तुकडे शोधतात. ऑर्गॅनोफॉस्फेटचे बहुतेक तुकडे एक-दोन दिवसांत निघून जातात, म्हणून सँपल फवारणीच्या दिवशी संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं, आठवड्यानंतर देऊन उपयोग नाही. त्यातल्या कॉमन टेस्टमधून गट कळतो, नेमकं औषध नाही, आणि अन्नात उरलेल्या औषधाच्या अंशामुळे पण थोडं येतं. क्लोरपायरिफॉस (हे एक ऑर्गॅनोफॉस्फेट) साठी टीसीपी आणि पायरेथ्रॉइडसाठी ३-पीबीए हे तुकडे शोधणाऱ्या वेगळ्या टेस्ट आहेत, पण साध्या लॅबमध्ये त्या होत नाहीत, आधी डॉक्टरांशी बोला.

फवारताना खूप घाम, तोंडाला लाळ, धूसर दिसणं, छाती आवळणं असं काही झालं तर कुठल्याही टेस्टची वाट बघू नका, कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाचं लेबल घेऊन लगेच दवाखाना गाठा.